कोटेशनरावांच्या दोन साहेबी गाड्या

आवडली म्हणून आयुष्यात एकही वस्तू न घेतलेल्या माणसाने गाडी घ्यायला निघू नये, असा काही कायदा नाही. असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कायदा नाही, आणि कोटेशनराव निघाले.

कोटेशनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका साबणाच्या कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते, आणि हे नाव त्यांना कारखान्यानेच दिलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यापारी समोर येऊन बसला की ते खोकं हातात घेत, उलटसुलट करत, एक लांब उसासा सोडत आणि म्हणत, "बरं आहे. पण सकाळी दुसरे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांचं खोकं म्हणजे, काय सांगू तुम्हाला!" एवढं बोलून ते डोळे मिटत. डोळे मिटले की भाव उतरायला लागे. मग ते दुसरे गृहस्थ आले की त्यांच्यासमोर पहिल्याच्या खोक्यासाठी डोळे मिटत. अशा रीतीने डोळे मिटूनमिटून त्यांनी कारखान्याचं भलं केलं होतं, आणि या कलेचा त्यांना सार्थ अभिमान होता. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही आणि बघितलंच तर तोंड कडू करून बघायचं, हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम. दुसरा नियम नव्हताच, कारण पहिल्यावरच भागत होतं.

आता गाडी कशासाठी, तर बायकोसाठी. त्यांची पत्नी मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. सगळं आयुष्य उभ्याने गेलेली बाई. दिवसभर वॉर्डात उभी, आणि जाता-येता बसमध्ये उभी, कारण कोणी म्हातारं माणूस दिसलं की ही आपली जागा देऊन मोकळी. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा बघून कोटेशनरावांना आतून कसंतरी व्हायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. एकदा मात्र भर पाहुण्यांत बोलून बसले, "रिटायर होशील ना, त्या दिवशी तू बसने घरी येणार नाहीस. साहेबी गाडी येईल तुला न्यायला. लांबलचक. मागच्या सीटवर पाय पसरून येशील घरी." मेट्रनबाई म्हणाल्या, "आधी गॅसचा नंबर लावा." पण त्या लाजल्या होत्या. ते कोटेशनरावांनी बघितलं होतं, आणि त्यांच्या लेखी तिथेच करार झाला.

बघता बघता रिटायरमेंट पंधरवड्यावर आली. नवी साहेबी गाडी खिशाला परवडणारी नव्हती, म्हणजे जुनी. लांबचा प्रवास बघता डिझेल. कोटेशनरावांनी शोधाशोध केली आणि बरोबर दोन गाड्या काढल्या. एक चंदेरी, दातांच्या डॉक्टरांची. एक काळी, वकीलसाहेबांची. दोन्ही सारख्याच लांब, सारख्याच वयाच्या, आणि दोन्ही मालकांना आपली गाडी काढून दुसरी घ्यायची होती. कोटेशनरावांनी हात चोळले. दोन विक्रेते आणि एक ग्राहक! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही त्यांची सर्वांत लाडकी म्हण होती. तिसरे ते.

मेट्रनबाईंना मात्र गाड्या दाखवायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. कारण तिला एखादी वस्तू आवडली की ती तिथल्या तिथे, दुकानदाराच्या तोंडावर, "अय्या, किती छान!" म्हणते. असल्या माणसाला खरेदीला नेणं म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखं.

त्याऐवजी त्यांनी मेव्हण्याला घेतलं. मेव्हणा म्हणजे मेट्रनबाईंचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे स्कूटर होती, पण ज्ञान सगळं मोटारींचं होतं. हे कळल्याबरोबर शेजारचे विमावाले काका चहाला आले. न बोलावता आले, हे सांगायला नकोच.

"डिझेल गाडीचं खरंखोटं कुठे कळतं?" काकांनी विचारलं.

"इंजिनात," मेव्हणा म्हणाला.

"हॅट! इंजिन पुसून ठेवतात. खरंखोटं मागच्या धुराच्या नळीत. आत बोट घालायचं. काजळी कोरडी आली तर गाडी ठणठणीत. चिकट आली तर तेल पितेय, समजून जायचं आणि उठायचं."

मेव्हण्याला हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने ते कबूल केलं नाही. "ते आहेच म्हणा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर उभे राहिले. चंदेरी गाडी आतून-बाहेरून अशी लख्ख होती की तिला हात लावण्याआधी हात धुवावेसे वाटत. कोटेशनरावांना ती बघताक्षणीच आवडली, म्हणून त्यांनी ताबडतोब तोंड कडू केलं. डॉक्टरांना वाटलं यांची दाढ दुखतेय. "किती दिवस झाले?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

डॉक्टर आत पेशंट बघायला गेले तशी कोटेशनरावांनी संधी साधली. इकडेतिकडे बघून ते गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि नळीत बोट घातलं. गाडी नुकतीच एक फेरी मारून आली होती, हे काकांनी सांगितलं नव्हतं. ते असे उसळले की रस्त्यावरचा कुत्रा पळाला. भाजलेलं बोट झटकलं, फुंकलं, आणि मग विचार करताना सवयीप्रमाणे डाव्या मिशीवरून फिरवलं. काजळी कोरडी होती. गाडी ठणठणीत. कोटेशनराव आतून सुखावले आणि तिथून तडक वकीलसाहेबांकडे गेले.

वकीलसाहेब हे रिटायर होऊनही न झालेले गृहस्थ. साध्या प्रश्नाला उत्तर देणं हा त्यांना पराभव वाटे.

"गाडी जरा जुनी वाटते," कोटेशनरावांनी सुरुवात केली.

"कशाच्या तुलनेत?"

"म्हणजे, एकंदरीत."

"एकंदरीत म्हणजे नेमकं काय म्हणायचंय आपल्याला?"

असं बरंच चाललं. बोलताना वकीलसाहेब सारखे त्यांच्या नाकाखाली बघत होते. कोटेशनरावांना वाटलं, आपल्या बोलण्याचा प्रभाव पडतोय. त्यांनी मान आणखी ताठ केली. गाडीकडे निघताना वकीलसाहेबांनी हळूच विचारलं, "मिशीचं काम अर्धवट राहिलंय का?"

बाहेर येऊन त्यांनी काळ्या गाडीच्या आरशात बघितलं. उजवी मिशी पांढरी, डावी काळीकुट्ट. अर्ध्या तासाची सगळी मुत्सद्देगिरी या मिशीनिशी झाली होती.

"तू बघत होतास ना रे?" ते मेव्हण्यावर उखडले. "बोलायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, रंग लावून बघताय कसा दिसतो ते," मेव्हणा म्हणाला. "घरातल्या माणसाने कसं विचारायचं भावोजी, वाईट दिसतं."

मिशी पुसून ते काळी गाडी चालवून बघायला बसले. शेजारी मेव्हणा, तज्ज्ञ म्हणून. मागे वकीलसाहेब, मालक म्हणून. गाडी निघाली, पण कण्हत निघाली. पाय दाबावा तर इंजिन ओरडे, पण गाडी पुढे जायचं मनावर घेईना. एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वर वळून बघितलं.

"ओढ नाही हिला," कोटेशनराव खूश होऊन म्हणाले. दोष सापडला म्हणजे भाव उतरणार.

"टर्बो गेला असणार," मेव्हण्याने निदान केलं. "डिझेलमध्ये टर्बो गेला की संपलं सगळं."

"जळका वासही येतोय."

"टर्बोचाच."

"आपण हँडब्रेक सोडलेला नाही," मागून वकीलसाहेब म्हणाले. "मी मघापासून बघतोय. पण आपण गाडीतले जाणकार दिसता, म्हटलं काही विशेष तपासणी चाललेली असेल."

हँडब्रेक सोडल्यावर गाडी अशी सुसाट निघाली की पुढच्या चौकात त्या सायकलवाल्याची माफी मागावी लागली. गाडी उत्तमच होती. कोटेशनरावांनी तोंड कडू केलं, पण आता त्यात पहिल्यासारखी कडू चव राहिली नव्हती.

घरी आल्यावर दोन्ही गाड्यांची तुलना सुरू झाली, आणि तुलना म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने त्या आठवड्यात त्यांच्या घरी यायला हवं होतं. चंदेरीची सीट मऊ, तर काळीचा दरवाजा भारी. लावला की 'धप्' असा भारदस्त आवाज येतो. काळीचा एसी बर्फ, तर चंदेरीची डिकी एवढी मोठी की काका म्हणाले, "यात माझा सोफा मावेल." काकांचा सोफा कुठे न्यायचा होता, हे कोणी विचारलं नाही. मेव्हणा सकाळी चंदेरीच्या बाजूने असे आणि संध्याकाळी काळीच्या. मेट्रनबाई भाजी चिरताना म्हणाल्या, "मी एकदा नुसती बसून बघू का दोन्हीत?" कोटेशनराव घाईने म्हणाले, "तू फक्त शेवटच्या दिवशी बसायचंस. मधलं सगळं माझ्यावर सोड."

आणि त्यांनी आपलं हत्यार बाहेर काढलं.

डॉक्टरांसमोर बसून त्यांनी उसासा सोडला. "तुमची गाडी बरी आहे हो. पण त्या वकिलांची गाडी! दरवाजा लावला की असा आवाज येतो, जणू बँकेची तिजोरी मिटली." आणि त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर अस्वस्थ झाले. मग वकिलांसमोर बसून, "गाडी तशी ठीक आहे. पण त्या डॉक्टरांच्या गाडीची सीट! माणूस बसला की उठायचं विसरतो." पुन्हा डोळे. प्रश्नाला उत्तर न देणारे वकीलसाहेब एकदम म्हणाले, "खरंच?" कोटेशनरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या फेरीत दोघेही थोडे उतरले. तिसऱ्या फेरीत आणखी उतरले. कोटेशनराव असे रंगात आले की खोक्यांच्या व्यापारातही त्यांनी कधी केला नव्हता तो डाव त्यांनी टाकला. डॉक्टरांना ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः जाऊन बघा. हा वकिलांचा पत्ता." आणि वकिलांना डॉक्टरांचा दिला.

"भावोजी, मानलं तुम्हाला," मेव्हणा म्हणाला. ऑफिसातही त्यांनी हा डाव सगळ्यांना समजावून सांगितला. दोन नवे क्लार्क तर लिहून घेत होते.

चार दिवसांनी, शेवटचा घाव घालण्याआधी, दोन्ही गाड्यांवर काही कर्ज किंवा दंड नाही ना, हे बघायला कोटेशनराव वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं. दुसरीने तिसरीकडे. तिसऱ्या खिडकीत खुर्चीवर नुसता स्वेटर होता. स्वेटरचा मालक आला तो पान पुसत, म्हणजे तोंड पुसत, आणि त्याने आधी ही चौकशी पहिल्या खिडकीची आहे असं सांगून बघितलं. पण कोटेशनराव खिडकीला धरून उभे राहिले तशी त्याने नाइलाजाने कॉम्प्युटरमध्ये नंबर घातले.

"चंदेरी गाडी? वकिलांच्या नावावर आहे."

"चुकलं तुमचं," कोटेशनराव मोठ्या मनाने म्हणाले. "वकिलांची काळी. चंदेरी डॉक्टरांची."

"काळी डॉक्टरांच्या नावावर आहे. दोन्हींचे कागद सकाळीच झाले. ते काय, खाली चहा पितायत दोघे."

कोटेशनरावांनी खिडकीतून खाली बघितलं. आवारातल्या टपरीवर डॉक्टर आणि वकील एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. डॉक्टर काळ्या गाडीचा दरवाजा उघडत आणि लावत होते. धप्. पुन्हा उघडत होते. पुन्हा धप्. आणि प्रत्येक वेळी हसत होते. वकीलसाहेब चंदेरीत बसले होते आणि उठायचं विसरले होते.

"या, या!" ते खाली पोचताच दोघांनी एकदमच हाक मारली. "तुमचे किती आभार मानावेत तेच कळत नाही. दोघंही दुसरी गाडी शोधत होतो, आणि दोघांनाही ती एकमेकांकडेच मिळाली! तुम्ही डोळे उघडलेत हो आमचे." त्यांनी कोटेशनरावांना चहा पाजला. तो त्यांनी घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणतात. यांच्या हाती चहाचा कप आला, तोही परत द्यावा लागला.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मेट्रनबाई हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "एवढी स्तुती केलीत दोन गाड्यांची!" त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी वरण वाढलं आणि सहज म्हणाल्या, "जाऊ द्या हो. बस आहेच की. मला चालेल."

ते "मला चालेल" कोटेशनरावांना फार लागलं. भांडली असती तर त्यांच्याकडे उत्तरं होती. चालेल म्हटल्यावर काय बोलणार? या बाईला जन्मभर सगळं चालतच आलं होतं, आणि आपण हुशारी करत बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. जेवण तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस शेजारचे काका रोज विचारत, "कुठली ठरली?" आणि कोटेशनराव रोज म्हणत, "चाललंय." ऑफिसातले दोन क्लार्क वही घेऊन येत, ते त्यांना पाणी आणायला पाठवत. मेव्हणा येईनासाच झाला. त्याचं म्हणणं, टर्बो त्याला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत होता.

आणि मेट्रनबाईंच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच, वकीलसाहेबांचा फोन आला. आवाजात पहिला तोरा नव्हता.

"गाडी घेणार का हो तुम्ही? चंदेरी?"

"का? काय झालं?"

"वास," वकीलसाहेब हताश होऊन म्हणाले. "दवाखान्याचा वास आहे तिला. जाता जात नाही. पहिल्या दिवशी जाणवला नाही. आता आमची बायको म्हणते, गाडीत बसलं की माझी दाढ ठणकते. मुलगी म्हणते, मला तोंड उघडावंसं वाटतं. घरात कोणी बसायलाच तयार नाही. डॉक्टरांना म्हटलं परत घ्या, तर ते म्हणतात, काढलेला दात परत बसवत नसतात."

फोन कानाला तसाच धरून कोटेशनराव खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या नसानसांत जुना खरेदी अधिकारी जागा झाला. गळ्याशी पाणी आलेला विक्रेता! घरात बोंबाबोंब! असं गिऱ्हाईक... म्हणजे असा मालक जन्मात एकदा सापडतो. याला पिळायचा तो असा, की खोक्यांचे व्यापारी ऐकून हळहळतील. त्यांनी उसासा सोडला. डोळे मिटले, फोनवर दिसत नाही तरी मिटले.

"वास म्हणजे मोठा दोष आहे हो," ते म्हणाले. "बघू. तुम्ही असं करा, संध्याकाळी गाडी घेऊन मला न्यायला या, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जाऊ. बसून बघतो. पण आशा ठेवू नका."

संध्याकाळी गेटवर सगळा वॉर्ड लोटला होता. नर्सेस, आया, लिफ्टवाला, ड्रेसिंगला आलेले दोन पेशंटसुद्धा. मेट्रनबाईंच्या हातांत फुलांचे गुच्छ, एक भिंतीवरचं घड्याळ आणि शालीचा खोका. त्या सवयीने बसस्टॉपकडे वळल्या, आणि समोर चंदेरी गाडी येऊन थांबली. कोटेशनराव उतरले आणि त्यांनी मागचा दरवाजा उघडून धरला. आया म्हणाल्या, "बाई गं!" एका तरुण नर्सने शिट्टी मारली. मेट्रनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि गुच्छ सांभाळत आत बसल्या.

वकीलसाहेब चालवत होते. कोटेशनराव शेजारी बसले, सौद्याच्या तयारीने, तोंड आधीच कडू करून.

"वास येतोय खरा," त्यांनी सुरुवात केली.

"अय्या, किती छान वास आहे!" मागून मेट्रनबाई म्हणाल्या. "एकदम स्वच्छ. आपल्या ऑपरेशन थिएटरसारखा!"

कोटेशनरावांनी आरशातून डोळे वटारले. ओठांवर बोट ठेवलं. पण ती आरशात बघतच नव्हती. तिने चपला काढल्या होत्या.

"अहो, आणि सीट! बुडाले मी. आणि पाय बघा, पाय सरळ होतायत माझे! अशी गाडी असते होय? मी म्हणत होते, लोक एवढे पैसे का देतात... आवाजसुद्धा नाही बाहेरचा. काय सुंदर गाडी आहे हो ही!"

प्रत्येक वाक्याबरोबर भाव चढत होता. कोटेशनरावांना तो डोळ्यांपुढे चढताना दिसत होता. आणि वकीलसाहेब स्टिअरिंगमागे हळूहळू ताठ होत होते. सकाळचा गळ्याशी पाणी आलेला माणूस नाहीसा होऊन तिथे पुन्हा वकील बसत होता.

मग मागचा आवाज थांबला.

"मॅडमना गाडी आवडलेली दिसते," वकीलसाहेब म्हणाले. "म्हणजे, मी म्हणत नाही. आपल्याच साक्षीदाराची कबुली आहे."

उत्तर कोटेशनरावांच्या जिभेवर होतं. सगळी नोकरी त्यांनी त्या उत्तरावर काढली होती. ठीक आहे, पण दुसरीकडे एक गाडी बघितलीय, काय सांगू तुम्हाला! नुसतं म्हणायचं आणि डोळे मिटायचे.

त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मेट्रनबाई झोपल्या होत्या. गुच्छ मांडीवर, तोंड जरासं उघडं, आणि पाय सीटवर घेऊन ऐसपैस पसरलेले. इतक्या वर्षांत घराबाहेर तिला बसलेलं त्यांनी फार वेळा पाहिलं नव्हतं. झोपलेलं तर कधीच नाही.

"आवडली," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. "तिला आवडली. मलाही पहिल्याच दिवशी आवडली होती."

वकीलसाहेबांचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला. असा अशील त्यांना कधी भेटला नव्हता. "मग काळीला मी पहिल्यांदा जो भाव सांगितला होता, उतरण्याच्या आधीचा, त्यावर आणखी थोडे..."

"हळू बोला हो, झोपलीय ती," कोटेशनराव म्हणाले. "देतो."

वकीलसाहेबांनी गाडी त्यांच्या घराच्या रस्त्याला वळवायला घेतली.

"इतक्यात नको," कोटेशनराव म्हणाले. "जरा लांबून घ्या. डिझेल माझं."